पिसवा मांजराच्या नव्हे, घराच्या

पावसाळा सुरू झाला की आमच्या मोहल्ल्यातून एखादं तरी मांजर नाहीसं होतं. चौकशी केली तर कळतं, पोत्यात घालून नदीपलीकडे सोडलं. का? ‘पिसवा झाल्या होत्या.’ श्रोतेहो, आज मला त्या मांजरांची वकिली करायची आहे.

मांजर गेल्यावर पिसवा जात नाहीत. उलट, चार दिवसांनी माणसांच्या घोट्यांवर लाल पुरळ उठतं. जनावराच्या अंगावर दिसतात त्या पिसवा ढोबळमानाने १०० मधल्या ५. बाकीच्या ९५ अंडी, अळ्या आणि कोश होऊन गोधडीत, सतरंजीखाली, फरशीच्या फटींत असतात. मादी रक्त प्यायल्यावर एक-दोन दिवसांतच अंडी घालू लागते, दिवसाला ४०-५० पर्यंत. उवेची लीख केसाला चिकटते. पिसवेचं अंडं गुळगुळीत, मांजर झोपतं तिथेच गळतं. पावसाळ्याची दमट ऊब त्याला मानवते. कोशातली पिसू तर महिनोन् महिने दम धरून बसते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वास जाणवला की बाहेर. बरेच दिवस बंद असलेलं घर उघडताच पाय फोडून निघतात ते यामुळे.

ओळखायचं कसं? उवांच्या बारीक फणीने मांजर विंचरा. काळी कणी निघाली तर ओल्या पांढऱ्या कापसावर टेकवा. तांबूस डाग पसरला तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजे वाळलेलं रक्तच. फणीत सापडलेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात.

मांजराचं अंथरूण आठवड्याला कढत पाण्यातून काढावं, कोपरेकानाकोपरे झाडावेत. आमच्याकडे मांजर मुसल्ल्यावरही येऊन बसतं, त्याला कुणी हाकलत नाही. पैगंबरांच्या एका सोबत्याला लोक अबू हुरैरा म्हणत, म्हणजे मांजरीच्या पिल्लाचा बाप! तेव्हा मुसल्लाही धुवायचा.

औषध जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच. मानेच्या मागे, जीभ पोचणार नाही तिथे थेंब लावायचे असतात. मात्रा वजनावर ठरते. घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला औषध हवं, एकालाच लावून भागत नाही. आठवड्याने पुन्हा पिसू दिसली की लोक म्हणतात, औषध खोटं. खोटं नसतं, जुन्या कोशांतून नव्या निघत असतात. म्हणून निदान तीन महिने नेमाने लावावं.

आणि हे मात्र कान देऊन ऐका. कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका. त्यांतल्या काहींत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही. ओळखीच्या एका घरी कुत्र्याचं उरलेलं औषध मायेनेच मांजराला लावलं. संध्याकाळी ते थरथरू लागलं, मग झटके आले, रात्री गेलं. अशी थरथर दिसली तर तासभरही थांबू नये, दवाखाना गाठावा. फिनेल, रॉकेल हे उपायही नकोत. मांजर दिवसभर अंग चाटतं. अंगाला लावाल ते त्याच्या पोटात जाणार.

अगदी तान्ह्या पिल्लांना तर बहुतेक औषधं सोसतच नाहीत. त्यांना फणी बरी, रोज. पिसवा फार झाल्या तर इवल्या जिवाचं रक्त आटतं. पिल्लाचा ओठ वर करून पाहा. हिरड्या गुलाबी असाव्यात. पांढुरक्या दिसल्या तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.