उन्हाळा आणि मोटारीचे इंजिन



१९ मे २०१६ रोजी राजस्थानातील फलोदी येथे ५१ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. भारतातील अधिकृत नोंदींमध्ये हे तापमान सर्वांत अधिक आहे. असे दिवस क्वचितच येतात. मात्र राजस्थान, उत्तर प्रदेश, तेलंगण किंवा विदर्भ या प्रदेशांत पारा ४५ अंशांपर्यंत चढणे ही दर वर्षीची गोष्ट आहे. अशा दिवसांतही रस्त्यावरची वाहतूक थांबत नाही. भाजीपाला, दूध आणि औषधे पोचवावीच लागतात, आजाऱ्याला रुग्णालयात न्यावेच लागते आणि टॅक्सी चालवणाऱ्याला त्या दिवसाची कमाई सोडून देता येत नाही.

अशा वेळी चालकांच्या तोंडी एक तक्रार हमखास ऐकू येते. सकाळी व्यवस्थित चालणारी गाडी दुपारी ‘ओढत नाही’. ही तक्रार खरी आहे, परंतु तीत दोन निराळ्या गोष्टी एकत्र मिसळल्या आहेत. उष्णतेमुळे इंजिनाची शक्ती किती घटते, हा पहिला प्रश्न होय. उष्णता सोसण्याची इंजिनाची क्षमता किती घटते, हा दुसरा. पहिली घट लहान असून दुसरी फार मोठी असते. चालकाला जाणवते ती बहुधा पहिली. धोका मात्र दुसरीत असतो.

प्रथम शक्तीचा विचार करू. जर्मनीतील निकोलाउस ओटो याने १८७६ मध्ये चार टप्प्यांचे इंजिन यशस्वी करून दाखवले. पेट्रोलच्या मोटारी आजही मूलतः त्याच तत्त्वावर चालतात. दट्ट्या खाली जाताना सिलिंडरमध्ये हवा व पेट्रोल यांचे मिश्रण ओढले जाते, वर येताना ते दाबले जाते, ठिणगीने पेटते आणि दट्ट्याला खाली लोटते. शेवटी जळलेला वायू बाहेर टाकला जातो. एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे पंधरा किलोग्रॅम हवा लागते. म्हणून किती पेट्रोल आत घालता येते यापेक्षा किती हवा आत येऊ शकते, यावर इंजिनाची कमाल शक्ती ठरते.

सिलिंडरचे आकारमान ठरलेले असते, परंतु त्यात मावणाऱ्या हवेचे वजन ठरलेले नसते. समुद्रसपाटीवर १५ अंश तापमानाला एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२२ किलोग्रॅम भरते. ४५ अंशांना ते सुमारे १.११ किलोग्रॅम होते. म्हणजे हवा नऊ टक्क्यांनी विरळ होते. शक्ती मात्र तितकी घटत नाही. याचे कारण असे की, सिलिंडरकडे जाणारी नळी आणि झडपा मुळातच तापलेल्या असतात. थंड हवा त्यांच्यापासून अधिक उष्णता घेते, गरम हवा कमी घेते. त्यामुळे दोहोंतील अंतर आत पोचेपर्यंत कमी होते. प्रत्यक्षात १५ अंशांऐवजी ४५ अंशांची हवा मिळाली, तर साध्या पेट्रोल इंजिनाची कमाल शक्ती पाच टक्क्यांच्या आसपास उतरते.

हवेतील बाष्पाचाही येथे विचार करावा लागतो. पाण्याची वाफ सिलिंडरमध्ये जागा व्यापते, परंतु ज्वलनाला मदत करत नाही. मे महिन्यातील मुंबईच्या दमट हवेत दर शंभर रेणूंमागे तीन-चार रेणू पाण्याचे असू शकतात. नागपूरच्या कोरड्या दुपारी ते प्रमाण एकाच्या आसपास असते. त्यामुळे नागपूरहून दहा-बारा अंशांनी थंड असलेल्या मुंबईतही इंजिनाला पूर्ण प्राणवायू मिळत नाही.

येथवरचा हिशेब पाहिला, तर उन्हाळा फारसा क्रूर वाटत नाही. सपाट रस्त्यावर इंजिनाची पूर्ण शक्ती क्वचितच वापरली जाते. चालक नकळत पायाखालची कळ किंचित अधिक दाबतो आणि उणीव भरून निघते. शिवाय जी विरळ हवा इंजिनाला कमी पडते, तीच गाडीला समोरून होणारा अडथळाही कमी करते. मग दुपारी गाडी खरोखरच जड का वाटते?

त्याचे एक कारण वातानुकूलन यंत्र हे होय. त्याचा कॉम्प्रेसर बहुतेक गाड्यांत इंजिनावरच चालतो आणि कडक उन्हात काही किलोवॅट शक्ती घेतो. मोठ्या गाडीला ते जाणवत नाही, पण लहान गाडीला चढावर चांगलेच जाणवते. दुसरे कारण सिलिंडरच्या आत आहे. गरम हवा दाबली गेली की अधिकच गरम होते आणि ठिणगीची ज्वाला पोचण्यापूर्वीच मिश्रणाचा उरलेला भाग आपोआप पेट घेतो. त्यातून जो टकटक आवाज येतो त्याला मेकॅनिक ‘नॉकिंग’ म्हणतात. हे सतत चालू राहिले तर दट्ट्यांची हानी होते. अमेरिकेत १९२१ मध्ये थॉमस मिजली याला पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळून हा दोष आवरता येतो असे आढळले. त्या उपायाची किंमत मात्र मोठी होती, कारण ते विषारी शिसे पुढे अनेक दशके शहरांच्या हवेत मिसळत राहिले. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० मध्ये बंद झाली आणि जगातील शेवटच्या देशात, अल्जीरियात, ती २०२१ मध्ये थांबली. आजच्या इंजिनांत हा आवाज टिपणारा संवेदक असतो. तो ठिणगी किंचित उशिरा पाडण्यास भाग पाडतो. इंजिन वाचते, पण त्याची शक्ती आणखी उतरते. नवी गाडी दुपारी मंद वाटते ती पुष्कळदा स्वतःचे रक्षण करत असते म्हणून.

आता दुसऱ्या, अधिक महत्त्वाच्या प्रश्नाकडे वळू. जळालेल्या पेट्रोलमधील ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाके फिरवण्याच्या कामी येतो. एक तृतीयांश धुरावाटे निघून जातो आणि उरलेला भाग शीतक द्रवामार्फत रेडिएटरमधून बाहेरच्या हवेत सोडावा लागतो. फ्रान्समधील सादी कार्नो याने १८२४ मध्येच दाखवून दिले होते की, उष्णतेपासून काम करून घेण्यासाठी केवळ उष्ण वस्तू पुरत नाही, ती उष्णता स्वीकारणारी थंड वस्तूही लागते. मोटारीच्या बाबतीत ती थंड वस्तू म्हणजे आजूबाजूची हवा होय. आणि उन्हाळ्यात तीच तापलेली असते.

रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकील, हे शीतक आणि हवा यांच्या तापमानांतील अंतरावर अवलंबून असते. शीतक ९० अंशांवर आणि हवा २० अंशांवर असेल, तर हे अंतर ७० अंशांचे होते. हवा ४५ अंशांवर गेली की ते ४५ उरते. म्हणजे तोच रेडिएटर आता एक तृतीयांशाहून अधिक दुबळा झाला. त्यातच वातानुकूलन यंत्राचा कंडेन्सर बहुधा रेडिएटरच्या पुढे बसवलेला असतो. त्याने हवा आणखी दहा अंशांनी तापवली, तर अंतर ३५ अंशांवर येते. हिवाळ्यातील क्षमतेच्या नेमके निम्मे. शिवाय हवामान खाते सांगते ते तापमान सावलीतील, जमिनीपासून सुमारे सव्वा ते दोन मीटर उंचीवरील असते. तापलेल्या डांबराला लागून असलेली, रेडिएटरमध्ये शिरणारी हवा त्याहून अधिक गरम असते. शक्ती पाच टक्क्यांनी घटली, शीतनाची क्षमता मात्र निम्म्यावर आली, असा हा हिशेब आहे.

गाडी बनवताना ही घट लक्षात घेतलेली असते, म्हणून चांगल्या स्थितीतील गाडी उन्हाळ्यातही चालते. परंतु क्षमतेची शिल्लक थोडी राहते आणि एरवी खपून जाणारे दोष अशा वेळी उघडे पडतात. रेडिएटरच्या पातळ पात्यांत धूळ व कीटक अडकलेले असतात. विहिरीचे किंवा बोअरवेलचे जड पाणी वर्षानुवर्षे घातल्यामुळे आत क्षारांचा थर बसलेला असतो. पंख्याचा पट्टा सैल झालेला असतो. अशी गाडी पूर्ण भाराने कसारा किंवा खंडाळा घाट चढू लागली, की इंजिनाला सर्वाधिक श्रम पडतात आणि वेग कमी असल्याने समोरून येणारी हवा सर्वांत कमी मिळते. तापमानाचा काटा चढतो तो येथेच.

शीतन व्यवस्था बंद व दाबाखाली असते. दाबामुळे आतील पाणी १०० अंशांना उकळत नाही, सुमारे १२० अंशांपर्यंत द्रवरूपच राहते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कोणी उघडले, तर दाब क्षणात नाहीसा होतो, पाण्याची एकदम वाफ होते आणि उकळते पाणी उघडणाऱ्याच्या तोंडावर व हातांवर उसळते. हा अपघात पूर्णपणे टाळता येण्याजोगा आहे. इंजिन बंद करून ते हात लावण्याइतके निवेपर्यंत, म्हणजे निदान अर्धा तास, झाकणाला स्पर्श करू नये. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये. त्याने धातूला तडा जाऊ शकतो.

काटा चढू लागल्याचे वेळीच ध्यानात आले, तर वातानुकूलन बंद करून खिडक्या उघडाव्यात. गाडीतील हीटर पूर्ण सुरू करावा. उन्हाळ्यात हे विचित्र वाटेल, परंतु हीटर म्हणजे एक लहान रेडिएटरच असतो. चढावर गिअर उतरवून इंजिनावरचा ताण कमी करावा. तरीही काटा लाल रेषेकडे जात असेल, तर सावली पाहून थांबावे. बऱ्याच नव्या गाड्यांत काटा नसतो, केवळ लाल दिवा असतो. तो लागला की पुढच्या गावापर्यंत जाण्याचा विचार करू नये. आजकाल सिलिंडरवरचा भाग बहुधा ॲल्युमिनियमचा असतो आणि अति तापल्यास तो वाकतो. दहा मिनिटांची घाई अशा वेळी अनेक महिन्यांची कमाई गिळून टाकते.

काही लोकप्रिय उपायांची पारख करणेही आवश्यक आहे. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी आढळते. थर्मोस्टॅट ही शीतकाचा मार्ग तापमानानुसार उघडणारी झडप होय. ती बिघडली असेल तर बदलावी. काढून टाकल्यास मूळ दोष तसाच राहतो आणि थंडीत इंजिन योग्य तापमानाला पोचत नाही. याउलट, जुन्या काळचा एक उपाय शास्त्राला धरून होता. २०१४ मध्ये उत्पादन थांबलेल्या अँबॅसडरसारख्या गाड्यांत पेट्रोलचा पंप तापलेल्या इंजिनाला लागून असे. पेट्रोलची नळीतच वाफ होई आणि गाडी बंद पडे. चालक पंपावर ओले फडके ठेवत. पाणी वाळताना उष्णता शोषून घेई आणि पंप निवे. राजस्थानच्या कोरड्या हवेत हा उपाय किनाऱ्यावरील दमट हवेपेक्षा लवकर गुण देत असे, हेही ओघाने आलेच. आता पंप टाकीत असतो आणि इंधन दाबाखाली असते, त्यामुळे हा त्रास जवळजवळ संपला आहे. मात्र टाकीतील पेट्रोलच त्या पंपाला थंड ठेवते. म्हणून उन्हाळ्यात टाकी अगदी तळाला जाऊ देऊ नये.

गाडी विकत घेताना तिची शक्ती विचारली जाते. उन्हाळ्यात मात्र तिची खरी कसोटी शिल्लक क्षमतेची असते. ही शिल्लक वाढवण्यास मोठा खर्च लागत नाही. मार्च महिन्यात रेडिएटर बाहेरून धुऊन घेणे, योग्य प्रमाणातील शीतक भरणे, पट्टा व पंखा तपासणे आणि निघण्यापूर्वी थंड इंजिनात शीतकाची पातळी पाहणे, एवढे पुरेसे असते. ज्याचे पोट चाकांवर चालते त्याने दुपारचा घाट शक्य तेव्हा पहाटेवर किंवा सायंकाळवर ढकलावा. त्यात इंजिनाचे हित आहेच. चालविणाऱ्याच्या देहाचेही आहे, कारण त्यालाही आपली उष्णता त्याच तापलेल्या हवेत सोडावी लागते.