उरलेले वीस किलोमीटर



सोलापूरच्या माणसाला कुणी विचारलं, ‘तुमच्याकडे डोंगर कुठे आहे हो?’ तर तो तुळजापूरच्या दिशेने बोट दाखवतो. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर. तुळजापूर बालाघाटाच्या माथ्यावर, आपल्याहून जवळजवळ २०० मीटर वर. एसटीत बसून गेलं तर ही चढण कळतही नाही. ती कळायला कोजागरीला भाविक जातात तसं पायी जावं, नाहीतर सायकलवर टांग टाकावी.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र, आम्ही ती टांग टाकली. जायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं, एवढ्यावर माझं समाधान नव्हतं. मी कागदावर त्रिकोण काढला. सोलापूर ते तुळजापूर ४५ किलोमीटर, तुळजापूर ते नळदुर्ग ३५, नळदुर्गहून परत सोलापूर ४५. एकूण सव्वाशे. दोघांनीही पंचावन्न ओलांडलेलं. त्याची सायकल मुलाने घेऊन दिलेली, गिअरची. माझी जुनी, बिनगिअरची, आणि त्याचा मला फार अभिमान.

पहाटे साडेपाचला रूपाभवानीला हात जोडून निघालो. तामलवाडीपर्यंत गप्पा चालल्या होत्या, पुढे नुसता श्वास ऐकू यायला लागला. घाटात मित्र गिअर बदलत सावकाश वर गेला. मी सीटवरून उठून, पायडलवर उभा राहून, दात-ओठ खात चढलो. दोन वळणं उरली तेव्हा उतरावं लागलं. सायकल हातात धरून चालत होतो, तोंडाने मात्र ‘जरा पाय मोकळे करतोय’ असं म्हणत होतो.

साडेनऊला तुळजापुरात पोहोचलो. गर्दी मोठी होती, म्हणून कळसाचं दर्शन घेतलं आणि चहा प्यायलो. तेव्हा मित्र म्हणाला, ‘हे बघ, इथून सरळ परतलो तर सगळा उतार आहे. जेवायला घरी. नळदुर्ग पुन्हा कधीतरी करू.’

त्याचं म्हणणं बरोबर होतं. परतीचा रस्ता ४५ किलोमीटरचा, माझ्या त्रिकोणाचा उरलेला भाग ८०चा. पण घाटात उतरावं लागल्याचा सल मनात होता. मी म्हणालो, ‘तुला जायचं असेल तर जा. मी पूर्ण करणार.’ तो काही बोलला नाही. बाटली भरून घेतली आणि माझ्यामागे निघाला.

नळदुर्गपर्यंत रस्ता खाली-वर होत जातो. दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि तूर. किल्ल्यात पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, १६१३ साली, बोरी नदीवर बांध घातला गेला आणि त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल बांधला. नदी भरून वाहू लागली की पाणी महालावरून खाली कोसळतं आणि आत बसलेला माणूस कोरडा राहतो. आम्ही गेलो तेव्हा नर-मादी धबधबे वाहत नव्हते, पण महालाच्या गारव्यात तासभर बसलो. तिथून उठवेना.

साडेतीनला परतीला लागलो आणि खरी परीक्षा सुरू झाली. श्रोतेहो, मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, वारा दुप्पट झाला की विरोध चौपट, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! पण पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो आणि नळदुर्गहून सोलापूर पश्चिमेलाच आहे, ही साधी गोष्ट त्रिकोण काढताना माझ्या लक्षात आली नव्हती. घाट समोर दिसतो, त्याला शेवट असतो. वाऱ्याला माथा नसतो.

अणदूर आलं. खंडोबाची एकच मूर्ती अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत आळीपाळीने मुक्काम करते. मित्र म्हणाला, ‘आपणही आळीपाळी करू. थोडा वेळ मी पुढे, मग तू.’ पुढच्याच्या पाठीआड वारा कमी लागतो. पण आळीपाळी नावालाच राहिली. माझी पाळी आली की मी मागे पडायचो. ईटकळच्या पुढे पोटऱ्यांत गोळे आले, डोळ्यांपुढे अंधारी आली. रस्त्याकडेला बसलो.

‘पाणी कधी प्यायलास?’

‘मगाशी.’

त्याने माझी बाटली उचलून उलटी केली. थेंब पडला नाही. ती नळदुर्गपासूनच रिकामी होती. थांबायला सांगावं लागेल म्हणून मी बोललो नव्हतो. ‘मी तुला तुळजापुरातच सांगितलं होतं,’ असं तो म्हणू शकला असता. पण त्याने स्वतःच्या बाटलीत साखर-मीठ ढवळलं, घोट-घोट पाजलं, पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. अर्ध्या तासाने पुन्हा निघालो. बोरामणीपर्यंत तो पुढेच राहिला, एकदाही मागे आला नाही.

बोरामणीला दिवेलागण झाली. सोलापूर अजून २० किलोमीटर. सायकलींना दिवे नव्हते आणि हमरस्त्यावर ट्रकांची रांग. तरी मी म्हणालो, ‘आता एवढंच तर राहिलंय.’ त्याने ऐकलंच नाही. एक रिकामा टेम्पो थांबवला, दोन्ही सायकली वर चढवल्या आणि मला हाताला धरून आत बसवलं. त्रिकोण अपुरा राहिला. त्या रात्री मला पायांपेक्षा ते जास्त दुखलं.

पुढच्या रविवारी सकाळी तो दाराशी आला. ‘चल, बाकी फेडू.’ बोरामणीपर्यंत गेलो आणि तिथून वळून घरी. २० किलोमीटरची बाकी फेडायला ४० किलोमीटर. बोरामणीत चहा पिताना मी आठवडाभर मनात घोळत असलेलं वाक्य बोलून टाकलं, ‘त्या दिवशी तुझं ऐकून तुळजापुरातूनच परतायला हवं होतं.’

तो बशीत चहा ओतत म्हणाला, ‘मग पाणीमहाल राहिला असता.’

आता आम्ही दर महिन्याला कुठेतरी जातो. निघताना तो माझी बाटली हलवून बघतो, आणि मी ती मुकाट्याने त्याच्या हातात देतो.