आकाशातली नजर जमिनीवर उतरावी

(विज्ञान संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



उपग्रहांनी पाठवलेल्या प्रतिमा वाचण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. आज त्याच विषयावर गोव्यात बोलायला मिळतंय, याचा आनंद मोठा आहे. ६ डिसेंबर १९८१ रोजी ‘पोलर सर्कल’ हे जहाज याच किनाऱ्यावरून दक्षिणेकडे निघालं. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालची २१ जणांची तुकडी ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकावर उतरली. भारताच्या ध्रुवीय संशोधनाची सुरुवात या मातीतून झाली.

त्या वेळी उपग्रहांनी ध्रुवांवर नित्याचा पहारा सुरू करून तीनच वर्षं झाली होती. ध्रुवांवर साध्या कॅमेऱ्याचं फारसं चालत नाही. हिवाळाभर अंधार, उन्हाळ्यात ढग. पण बर्फ आणि पाणी दोन्ही अतिशय क्षीण अशा सूक्ष्मलहरी सतत बाहेर टाकतात आणि दोघांच्या लहरींची तीव्रता वेगळी असते. त्या ढगांतून आरपार येतात, त्यांना उजेडाची गरज नसते. १९७८ च्या अखेरीस निंबस-७ या उपग्रहाने त्या टिपायला सुरुवात केली आणि एकामागून एक उपग्रहांनी ते काम आजवर चालू ठेवलं. म्हणूनच आपण ठामपणे सांगू शकतो, की १९८० च्या दशकात सप्टेंबरमध्ये आर्क्टिकवर सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर समुद्रबर्फ उरत असे आणि २०१२ च्या सप्टेंबरमध्ये तो ३४ लाखांवर आला. नंतर तो नीचांक मोडला गेला नाही, पण जुनी पातळीही परत आली नाही. पांढरा बर्फ ऊन परतवतो, त्याच्या जागी उघडं पडलेलं गडद पाणी ते शोषून घेतं. १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापलं, त्यामागे हेही एक कारण आहे.

एक प्रतिमा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. २०१७ साली अंटार्क्टिकाच्या लार्सन-सी या समुद्रावर तरंगणाऱ्या हिमथराला तडा गेलेला होता. तिथे ध्रुवीय रात्र होती, पण सेंटिनेल-१ या उपग्रहांचं रडार अंधारातही पाहत होतं. दर सहा दिवसांनी नवी प्रतिमा येई आणि राखाडी पटावरची ती काळी रेघ आणखी पुढे सरकलेली दिसे. जुलैमध्ये ती समुद्राला भिडली आणि सुमारे ५,८०० चौरस किलोमीटरचा हिमनग सुटा झाला. आपल्या गोव्याच्या दीडपटीहून मोठा! तिथे उभं राहून ते पाहणारं कुणी नव्हतं, तरी तो कधी आणि कुठून तुटला हे जगाला ठाऊक झालं.

बर्फाचं वजनही आता आकाशातून करता येतं. २००२ साली सुटलेले ‘ग्रेस’ या मोहिमेचे दोन उपग्रह एकमेकांपासून सुमारे २२० किलोमीटर अंतर ठेवून एकाच वाटेने फिरत. ग्रीनलँडसारखा बर्फाचा प्रचंड साठा जवळ आला, की त्याच्या गुरुत्वाकर्षणाने पुढचा उपग्रह किंचित ओढला जाई आणि दोघांतलं अंतर बदले. हा बदल केसाच्या जाडीपेक्षाही कमी असला तरी मोजता येई. तेवढ्या फरकावरून कळलं, की ग्रीनलँड दर वर्षी सरासरी सुमारे २७० अब्ज टन बर्फ गमावतं आहे. ३६० अब्ज टन बर्फ समुद्रात गेला, की जगभरची समुद्रपातळी एक मिलिमीटरने वाढते. हा हिशेब मांडवीच्या काठावरही लागू आहे.

पण मित्रहो, मोजलं म्हणजे उपाय झाला असं नाही. आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. आकाशातून मिळालेली माहिती खाली, माणसांच्या हातात आणि माणसांच्या भाषेत उतरली पाहिजे.

कॅनडाच्या उत्तरेकडच्या इन्युइट लोकांसाठी गोठलेला समुद्र हाच रस्ता. शिकार, सरपण, नातेवाइकांकडे जाणं-येणं, सगळं त्याच्यावरून. २००९-१० चा हिवाळा फार उबदार गेला, ओळखीच्या वाटांवर बर्फ पातळ राहिला आणि लोक पाण्यात पडू लागले. त्या अनुभवातून लॅब्राडोरमध्ये ‘स्मार्टआइस’ हा उपक्रम उभा राहिला. गावातलीच माणसं स्नोमोबाइलमागे लाकडी घसरगाडी ओढतात, गाडीवरचं यंत्र चालता चालता बर्फाची जाडी मोजतं. ती मापं रडार प्रतिमांशी ताडून वाटांचे नकाशे तयार होतात. पाँड इनलेट या गावात तर जाणत्या मंडळींनी समुद्रबर्फाचे आपल्या भाषेतले शब्द जमवले, नव्या पिढीला शिकवायला घेतले. बर्फावरच्या माणसाची गरज उपग्रहालाही आहे. उन्हाळ्यात बर्फावर साचलेली वितळपाण्याची डबकी सूक्ष्मलहरी टिपणाऱ्या उपग्रहाला उघडा समुद्रच वाटतात. ही चूक बर्फावर पाय ठेवणारा माणूस दुरुस्त करू शकतो.

आपल्या देशानेही माहिती खाली उतरवण्याचं काम केलं आहे. ध्रुवीय कक्षेतला उपग्रह दिवसाला सुमारे चौदा फेऱ्या मारतो. त्यातल्या मोजक्याच फेऱ्या हैदराबादजवळच्या शादनगरच्या, उपग्रहाची माहिती उतरवून घेणाऱ्या भूस्थानकाच्या आवाक्यात येतात, ध्रुवांजवळून मात्र तो प्रत्येक वेळी जातो. म्हणून अंटार्क्टिकावरच्या ‘भारती’ स्थानकात २०१३ पासून आपलं भूस्थानक आहे. वास्कोतल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली दाखवलं, की आर्क्टिकमधल्या कारा समुद्रातला बर्फ घटणं आणि भारतातली सप्टेंबरमधली अतिवृष्टी यांचा संबंध असू शकतो. कापणीला आलेलं पीक पाण्यात गेलेला शेतकरी या संशोधनाचा खरा वाचक आहे. त्याच्यापर्यंत ते अजून पोचलेलं नाही, याची मला खंत आहे.

माझी पहिली विनंती धोरण आखणाऱ्यांना आहे. नोंद तुटू देऊ नका. बर्फाची उंची लेसरने मोजणारा आइससॅट २००९ मध्ये बंद पडला आणि त्याचा वारसदार २०१८ मध्ये अवकाशात गेला. मधली वर्षं विमानं उडवून भरून काढावी लागली. जुना उपग्रह थकण्याआधी नवा तयार हवा.

दुसरी विनंती इथल्या शिक्षकांना. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून निसार हा इस्रो आणि नासाचा संयुक्त रडार उपग्रह झेपावला. दर बारा दिवसांनी तो तीच जमीन आणि तोच बर्फ पुन्हा पाहतो, हिमनद्यांची आणि वितळून खचणाऱ्या गोठभूमीची सेंटीमीटरभर हालचालही टिपतो. त्याची माहिती सर्वांना विनामूल्य खुली आहे. आपल्या कॉलेजातल्या मुलांना एक हिमनदी निवडायला सांगा. वर्षभर तिच्यावर नजर ठेवू द्या आणि काय दिसलं ते मराठीत लिहायला लावा. पुढच्या संमेलनात या सभागृहाच्या भिंतीवर त्या मुलांनी केलेले, मराठी टिपणांचे नकाशे लागलेले मला पाहायचे आहेत. ते घेऊन या, एवढंच मागणं आहे.