पहाटेचा ब्रेकर आणि आपली तक्रार

गेल्या वर्षी आमच्या गल्लीत एक जुनी चाळ पाडायला घेतली. पहाटे साडेचारलाच ब्रेकर सुरू व्हायचा. रात्रपाळीहून आलेला शेजारी, बारावीची मुलगी, आजारी अम्मी, सगळे जागे. तक्रार करू म्हटलं, तर वडीलधारी म्हणाली, ‘गप्प राहा. उद्या आपल्यालाच भोंग्यावरून ऐकवतील.’

ही भीती खरी आहे, म्हणूनच कायदा नीट समजून घ्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. २०१० च्या दुरुस्तीने तिथे रात्री आवाज करणाऱ्या बांधकाम यंत्रांना मनाई केली. उघड्यावरच्या लाउडस्पीकरलाही रात्री बंदी आहे, मग तो कुणाचाही असो.

आम्ही मजुरांशी भांडलो नाही. कामाची वेळ ते ठरवत नाहीत. आठ दिवस तारीख-वेळ लिहून ठेवली, ठेकेदाराला भेटलो. तो ऐकेना, तेव्हा गल्लीतल्या सर्वांच्या सह्यांचा अर्ज पोलीस ठाण्यात दिला आणि पोच घेतली. पुन्हा पहाटे यंत्र वाजलं, तेव्हा ११२ ला फोन केला. आता काम सातला सुरू होतं.

त्याच आठवड्यात मशिदीच्या विश्वस्तांकडेही गेलो. फज्रच्या लाउडस्पीकरबद्दल बोलणं अजून चालू आहे. सोपं नाही. पण दुसऱ्याला दाखवलेला नियम स्वतःला लावला, तरच आपण नागरिक म्हणून ताठ मानेनं बोलू शकतो.