मेंदूतील प्रत्येक 'गाठ' कॅन्सर नसते
(वार्षिक सभेतील भाषण)



सतत डोके दुखते, फिट येते, एका अंगाची शक्ती जाते. एमआरआय होतो आणि अहवालात 'मेंदूत गाठ' असे शब्द येतात. त्याच दिवशी घरात शेत विकण्याची भाषा सुरू होते. माझे निवेदन असे, की एमआरआय सावली दाखवतो; ती कशाची, हे त्याला प्रत्येक वेळी सांगता येत नाही.

आपल्याकडे अशा सावलीमागे क्षयाची गाठ किंवा फीतकृमीची अळीही निघते. याहून विरळ आणि अधिक फसवा विकार म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा दाह. शरीराची संरक्षक यंत्रणाच वाहिन्यांच्या भित्तिकांवर उलटते, वाहिन्या अरुंद होतात, भोवतालचा भाग सुजतो. कॅलाब्रेसे आणि मॅलेक यांनी १९८८ मध्ये त्याच्या निदानाचे निकष मांडले. शेकडा सुमारे पाच रुग्णांत हा दाह थेट गाठीसारखा दिसतो. बारीक वाहिन्याच ग्रासलेल्या असल्याने अँजिओग्राफी अनेकदा निर्दोष येते. पाठीच्या पाण्यात पेशी व प्रथिने वाढतात, पण ती क्षयातही वाढतात!

म्हणून बायॉप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणे, सहसा टळत नाही. मेंदूला सुई लावणार म्हटल्यावर नातेवाईक हादरतात, ते स्वाभाविक आहे. परंतु क्षयाला दाह समजून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली, तर क्षय फोफावेल. तुकड्याआधीच स्टेरॉइड दिल्यास लिम्फोमा हा कॅन्सर काही काळ आक्रसतो आणि निदान हुकते. अर्थात सूज जिवावर बेतत असेल तर थांबता येत नाही. शिवाय आजारी भाग सुईला चुकूही शकतो.

दाह ठरला की स्टेरॉइड आणि सायक्लोफॉस्फामाइड देतात. गाठ न काढताही अनेक रुग्ण सुधारतात. मात्र उपचार कित्येक महिने चालतात, आणि आपल्या जिल्ह्याची खरी अडचण येथेच आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांचे जथे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. उचल घेतलेली असते, त्यामुळे मागे राहणे शक्य नसते. फडावर पांढऱ्या पेशींची तपासणी राहते, स्टेरॉइड एकाएकी बंद पडते. दोन्ही घातक आहे.

देणगीदारांनी यंत्रांबरोबरच या रुग्णांच्या येण्याजाण्याचा आणि रक्ततपासणीचा खर्चही उचलावा, ही विनंती. नातेवाइकांनी फाइल, एमआरआयच्या फिल्म आणि बायॉप्सीचा अहवाल कोयत्याबरोबर फडावर न्यावा. तेथील डॉक्टरांना तेवढ्यावरून पुढचे औषध ठरवता येते.