कुलूप, परवाना आणि नाममुद्रा



परळी वैजनाथ तालुक्यातील सिरसाळा येथे डिजिटल साहित्याचे स्वामित्वहक्क व त्यांचे परवाने या विषयावर परिषद भरत आहे. हा विषय महानगरांतील कायदेपंडितांचा असल्याचा समज रूढ असला, तरी बीड जिल्ह्याशी त्याचा संबंध नुसता औपचारिक नाही. कारण दसरा-दिवाळीच्या सुमारास ज्या जिल्ह्यातील गावेच्या गावे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात, तेथे गावच्या वाचनालयातील पुस्तक कारखान्याच्या तळावर पोहोचत नसले तरी मोबाइल मात्र कोयत्याबरोबर फडात जातो, आणि पाठ्यपुस्तक, कीर्तन, कथा, गाणे असे जे काही तळावरच्या कोपीत वाचले-ऐकले जाते ते त्या मोबाइलवरच. त्या वाचनावर कोणाचा अधिकार, कोणाची अट आणि कोणाचे नाव, हा या परिषदेचा विषय आहे. या विचारासाठी प्रवासाची दगदग सोसून आलेल्या सर्वांचे स्वागत समितीच्या वतीने मनःपूर्वक स्वागत असो.

चर्चेच्या सोयीसाठी तीन संज्ञा प्रथम वेगळ्या केलेल्या बऱ्या. स्वामित्वहक्क, म्हणजे कॉपीराइट, हा निर्मात्याला कायद्याने दिलेला हक्क असून भारतात त्याचा आधार 1957 चा कायदा आहे. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यकृतीवर तो त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो, आणि म्हणूनच 1950 साली निवर्तलेल्या साने गुरुजींचे साहित्य 2011 पासून सर्वांसाठी खुले झाले. परवाना ही त्या हक्काच्या धन्याने दुसऱ्याला दिलेली वापराची मुभा, जिच्यात मुदत, प्रदेश, माध्यम आणि मोबदला ठरलेला असतो. डिजिटल हक्क व्यवस्थापन, ज्याला व्यवहारात डीआरएम म्हणतात, हे या दोहोंपेक्षा निराळे आहे. तो हक्क नव्हे की करारही नव्हे, तर करारातील अटी यंत्राकडून पाळून घेण्यासाठी बसवलेले कुलूप आहे. या तिन्हींची गल्लत झाली की कुलूप आहे म्हणजे हक्कही असलाच पाहिजे, असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

हे कुलूप कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. विकत घेतलेल्या ई-पुस्तकाची फाइल मोबाइलवर उतरते तेव्हा तिच्यातील मजकूर सांकेतिक रूपात असतो. तो उलगडण्याची किल्ली वाचकाच्या खात्याशी आणि बहुधा त्या विशिष्ट उपकरणाशी बांधलेली असते, आणि वाचनाचे ॲप ती किल्ली विक्रेत्याच्या सर्व्हरकडून मागून घेऊन मगच पान उघडते. किती उपकरणांवर पुस्तक उघडावे, किती ओळी नकलून घ्याव्यात, छापता यावे की नाही, हे सारे त्या किल्लीबरोबर आलेल्या आज्ञापत्रात लिहिलेले असते. मोबाइल बदलला, खात्याचा पासवर्ड विसरला किंवा विक्रेत्याने दुकानच गुंडाळले, तर मूळ मजकूर हाताशी असूनही वाचता येत नाही. मायक्रोसॉफ्टने 2019 साली आपले ई-पुस्तकांचे दालन बंद केले तेव्हा ग्राहकांचे पैसे परत करण्यात आले, परंतु पुस्तके मात्र त्यांच्या उपकरणांवरून गेली. मराठी अक्षरजुळणी करणाऱ्यांना तर या जातीचे कुलूप जुनेच परिचयाचे आहे. संगणकाच्या मागच्या पोर्टात बसवायचे डोंगल हरवले की फॉन्टचे सॉफ्टवेअर मुके होई, आणि दिवाळी अंकाच्या ऐन घाईत त्या बोटभर वस्तूसाठी सारे कार्यालय पालथे घातले जाई. त्याच काळातील युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळवलेली हजारो पाने आज उघडली तर अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. हे कुलूप कोणी हेतुपुरस्सर लावलेले नसले तरी परिणाम तोच.

मजकुराला कुलूप घालण्याची युक्ती मराठीला अपरिचित नव्हती, याची साक्ष महानुभाव वाङ्मय देते. तेराव्या शतकात ज्या पंथाने 'लीळाचरित्रा'सारखा गद्यग्रंथ घडवला, त्याच पंथाने पुढे सकळ, सुंदरी, अंक, शून्य अशा सांकेतिक लिप्या योजल्या, ज्यांत नेहमीच्या अक्षरांच्या जागी संकेताने ठरलेली दुसरी अक्षरे किंवा चिन्हे येत आणि त्यांची किल्ली गुरूकडून शिष्याकडे जाई. त्यामागची कारणे अभ्यासकांनी निरनिराळी सांगितली असली, तरी परिणामाविषयी दुमत होण्याचे कारण नाही. पंथाच्या आत पोथ्या निष्ठेने जपल्या गेल्या, आणि पंथाबाहेरचा मराठी वाचक आपल्या भाषेच्या आद्य गद्याला कित्येक शतके पारखा राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली, तेव्हा कोठे मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचे पहिले प्रकरण नव्याने लिहावे लागले. कुलूप मजकुराचे रक्षण करते हे खरे. पण ते किती काळ आणि कोणापासून करायचे, हे त्याला स्वतःला कळत नाही. आजच्या कुलपालाही लेखकाच्या मृत्यूला 60 वर्षे झाली हे उमजत नाही, आणि समोरचा वाचक दृष्टिहीन आहे हेही दिसत नाही.

भारतीय कायद्याने मात्र या बाबतीत बराच समतोल विचार केलेला आहे आणि त्याची दखल मराठीत फारशी घेतली गेलेली नाही. 2012 च्या दुरुस्तीने कायद्यात कलम 65अ आले. त्यानुसार हक्काच्या रक्षणासाठी योजलेला प्रभावी तांत्रिक उपाय, म्हणजेच हे कुलूप, हक्कभंग करण्याच्या उद्देशाने चुकवणाऱ्यास दोन वर्षांपर्यंतचा कारावास व दंड होऊ शकतो. यातील 'उद्देशाने' या अटीवर सारा भार आहे. अमेरिकेच्या 1998 च्या कायद्यात कुलूप उघडणे हाच मुळात स्वतंत्र अपराध ठरवून नंतर दर तीन वर्षांनी सवलतींची यादी जाहीर करण्याची प्रथा पडली. भारतात उलट, कायद्याने ज्याला मनाई केलेली नाही अशा कामासाठी कुलूप उघडणे हे कलमाच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. त्याच दुरुस्तीने कलम 52 मध्ये अशी तरतूद झाली की, अपंग व्यक्तीला पुस्तक वाचता यावे म्हणून त्याचे ब्रेल, ध्वनी किंवा अन्य सुगम रूप तयार करणे हा हक्कभंग ठरत नाही. आणि दृष्टिहीनांसाठी 2013 साली झालेल्या माराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश 2014 साली भारतच ठरला. अशा वाचकासाठी दुसऱ्याने कुलूप उघडून दिले, तर ज्याच्यासाठी ते उघडले त्याचे नाव, पत्ता आणि प्रयोजन यांची पूर्ण नोंद ठेवावी, एवढीच अट कलम 65अ घालते. देवघेवीची नोंदवही वर्षानुवर्षे चालवणाऱ्या ग्रंथपालाला ही अट जड वाटू नये. अडचण आहे ती वेगळीच: कायदा परवानगी देतो, पण किल्ली देत नाही, आणि ती कोणाकडे मागायची हे तालुक्याच्या गावी कोणी सांगू शकत नाही.

याहून दुर्लक्षित राहिले आहे ते त्याच्या शेजारचे कलम 65ब, आणि स्वागत समितीच्या मते मराठवाड्याच्या दृष्टीने महत्त्वाचे कलम तेच. कृतीचे शीर्षक, लेखकाचे किंवा सादरकर्त्याचे नाव, हक्कधारकाचा पत्ता आणि वापराच्या अटी यांना कायदा 'हक्क व्यवस्थापन माहिती' म्हणतो, आणि अधिकार नसताना ती जाणूनबुजून काढून टाकणे किंवा बदलणे हा या कलमाखाली अपराध आहे. त्या व्याख्येतून वापरकर्त्याची ओळख पटवणारी यंत्रणा स्पष्टपणे वगळलेली आहे, म्हणजे कायद्याला येथे निर्मात्याच्या नावाची काळजी आहे, वाचकावर पाळत ठेवण्याची नाही.

नावाविषयीची ही जागरूकता या भूमीत जुनी आहे. 'रुक्मिणीस्वयंवर' रचणाऱ्या नरेंद्राला देवगिरीच्या रामदेवरायाने ओवीमागे सोन्याचे नाणे देऊ करून ग्रंथ आपल्या नावावर मागितला आणि कवीने तो देण्यास नकार दिला, अशी कथा महानुभाव परंपरेत सांगितली जाते. कायद्याच्या कलम 57 मध्ये, हक्क विकल्यानंतरही कर्तृत्व सांगण्याचा लेखकाचा जो विशेष अधिकार मान्य केला आहे, त्याचे इतके नेमके उदाहरण दुसरे सापडणे कठीण. वारकरी संतांनी तर नाव अभंगाच्या अखेरच्या चरणातच विणून टाकले. परळीशेजारच्या गंगाखेडच्या जनाबाईने आपल्याबरोबर नामदेवाचेही नाव त्यात गुंफले. अर्थात नुसती नाममुद्रा पुरत नाही, हेही याच परंपरेने दाखवून दिले आहे: सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा याच्या रचना संत नामदेवांच्या गाथेत मिसळल्या आणि त्या वेगळ्या करता करता संशोधकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. नावाबरोबर गाव, काळ आणि प्रसंग नोंदला गेला तरच ओळख पक्की होते.

तसे झाल्याचे उदाहरण शेजारच्याच तालुक्यात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह उभारला, ज्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत, त्यासाठी 1996 साली माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांचे आवाज ध्वनिमुद्रित झाले. बाबासाहेबांवरच्या त्यांच्या ओव्या आज 'पारी', अर्थात पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संग्रहात कोणालाही ऐकता येतात. त्या संग्रहात ओवीखाली गाणारीचे नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि ध्वनिमुद्रणाची तारीख अशा नोंदी आढळतात. ज्या बाईचे नाव एरवी शिधापत्रिकेपलीकडे कोठे छापले गेले नसते, तिच्या गाण्याला येथे कुलूप नाही, पण नाव आहे. पारंपरिक ओवीचा मूळ कर्ता सांगता येत नसला, तरी ती गाणारीला सादरकर्तीचा हक्क कायद्याने 50 वर्षांपर्यंत दिलेला आहे, म्हणजे 1996 च्या गायनावर तो 2046 अखेरपर्यंत राहतो. आता याच ओवीतला अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापून त्यावर ढोलकीचा ठेका चढवून तो रीलमध्ये लावला, की आवाज गावोगाव पोहोचतो आणि नाव मागे गळून पडते. येथे कुलूप फोडले गेले नाही, म्हणून कोणाला चोरीही दिसत नाही.

कुलपाचा मोह कोठे टाळावा, याचेही उत्तर याच भागात शोधता येईल. अंबाजोगाईस मुकुंदराजांची समाधी आहे, दासोपंतांची कापडावर लिहिलेली पासोडी आहे, आणि मराठवाड्यातील कितीतरी घरांत पोथ्यांची बासने माळ्यावर पडून आहेत. या रचनांवर आज कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. तरीही अशा पोथीची पाने स्कॅन करून त्यावर 'सर्व हक्क राखीव' असा शिक्का उमटवण्याची आणि नक्कल होऊ नये म्हणून फाइलला कुलूप घालण्याची हौस अनेक संस्थांना असते. संपादकाने पाठभेद ताडून, टीपा लिहून जे नवे काम केले त्यावर त्याचा हक्क निःसंशय आहे, आणि त्यासाठी केवळ श्रम पुरेसे नसून बुद्धी व विवेक दिसावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सांगितले आहे. पण मुकुंदराजांच्या ओवीवर कोणाचीही मालकी नाही, आणि जेथे हक्कच नाही तेथील कुलपाला कलम 65अ चे संरक्षणही नाही.

राहिला प्रश्न जिवंत लेखकांच्या करारांचा, आणि तेथे मराठी व्यवहाराची ढिलाई कोणत्याही तंत्रज्ञानापेक्षा अधिक नुकसानकारक आहे, हे कटू असले तरी बोलले पाहिजे. खेड्यातला कवी पदरचे पैसे घालून संग्रह छापतो, करार तोंडी असतो, आणि पुढे त्याच पुस्तकाचे ई-पुस्तक किंवा श्राव्य पुस्तक निघाले तर हक्क कोणाचा हे ना कवीला ठाऊक असते ना प्रकाशकाला. कायदा सांगतो की हक्कांचे हस्तांतरण लेखीच हवे. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरताच मानावा. 2012 च्या दुरुस्तीने अशीही भर घातली की, करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हते त्याचे हक्क, करारात त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख नसल्यास, हस्तांतरित होत नाहीत. न्यू जर्सीतील मराठी कुटुंबाने विकत घेतलेले ई-पुस्तक प्रदेशाचा उल्लेख नसलेल्या कराराखाली विकले गेले असेल, तर ती विक्री कशाच्या आधारावर झाली, हा प्रश्न म्हणूनच केवळ तात्त्विक नाही.

ग्रंथालयांची स्थिती याहून अवघड आहे. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळवणाऱ्या 'ड' वर्गाच्या वाचनालयाने विकत घेतलेली छापील प्रत त्याच्या मालकीची होते आणि ती शंभर वाचकांना देताना कोणाची परवानगी लागत नाही. ई-पुस्तक मात्र बहुधा विकलेच जात नाही, त्याचा व्यक्तिगत परवाना दिला जातो, आणि वाचनालय ही व्यक्ती नसल्याने त्याला तो परवाना घेताच येत नाही. मराठी प्रकाशकांनी ग्रामीण वाचनालयांसाठी परवडणारा सामूहिक परवाना तयार केला, तर त्यांच्या खपाला धक्का लागेल असे मानण्यास फारसा आधार नाही, कारण ऊसतोडीच्या तळावरचा वाचक आज तरी त्यांचा ग्राहकच नाही. या परिषदेतील दुसरे सत्र याच विषयाला दिलेले असून त्यातून परवान्याचा एक मराठी मसुदा हाती यावा, अशी स्वागत समितीची अपेक्षा आहे.

ग्रामीण भागातील सोयींच्या मर्यादा ओळखून निवास व भोजनाच्या व्यवस्थेत जे उणे राहील ते पाहुण्यांनी उदार मनाने सांभाळून घ्यावे. नोंदणीच्या टेबलावर प्रत्येक निबंधवाचकासाठी एक पानाचा परवाना ठेवला आहे: निबंधाचा स्वामित्वहक्क लेखकाकडेच राहील, समितीला तो स्मरणिकेत एकदा छापण्याची मुभा असेल, आणि ध्वनिचित्रमुद्रण प्रसारित झाल्यास त्यावर लेखकाचे नाव व गाव कायम राहील, असे त्यात नमूद आहे. माध्यम, मुदत आणि प्रदेश यांचे रकाने मुद्दाम कोरे सोडलेले असून ते लेखकाने स्वतःच्या हाताने भरायचे आहेत. ज्यांच्याकडून तो कागद सहीनिशी येणार नाही, त्यांच्या वाचनाच्या वेळी कॅमेरा बंद ठेवण्याची सूचना कार्यकर्त्यांना देण्यात आलेली आहे.