वळण कोठें ठरतें?

वळणाचा निर्णय दिवा हिरवा झाल्यावर घ्यावयाचा नसतो. तो चौकाच्या बराच अलीकडे व्हावा लागतो. आपल्याकडे वाहनें डाव्या बाजूनें चालतात. म्हणून डावीकडे वळणारानें डावी कड सोडूं नये. उजवीकडे वळणारानें मागील वाहनें पाहून, इशारा देऊन, मध्याजवळचा पट्टा आधींच धरावा. १९८९ च्या नियमांत हेंच होतें, २०१७ च्या नियमांतही हेंच आहे. भलत्या पट्ट्यांत सांपडल्यास सरळ पुढें जावें आणि फेरा घेऊन यावें. पेट्रोल थोडें अधिक जळेल, जळूं द्यावें.

आमच्या बीड जिल्ह्यांत मात्र यास एक पुरवणी जोडावी लागते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड सुरू झाली, कीं दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर धुळें-सोलापूर महामार्गावर दिसूं लागतात. असा ट्रॅक्टर डावीकडे वळण्यापूर्वीं किंचित् उजवीकडे सरकतो. कारण मागचीं चाकें पुढल्या चाकांच्या वाटेनें जात नाहींत. तीं कोपऱ्याला चिकटून, आंतून जातात, आणि दुसऱ्या ट्रॉलीचीं तर त्याहूनही आंतून! डावीकडची जागा तेवढ्यापुरती मोकळी दिसते, व दुचाकीस्वार तींत शिरतो.

मीही एकदां शिरलों होतों. मागें नातू बसला होता. ट्रॉलीची कड स्कूटरच्या मुठीला घासून गेली. उसाच्या भाराआडून चालकाला आम्ही दिसलोंही नसूं. नातवानें घरीं कांहीं सांगितलें नाहीं. मीं आज प्रथमच सांगत आहें.